पूर्ण डाव

मुळीक सर तिसऱ्यांदा पडले, तेही नेमके पोरांच्या देखत.

विट्यातल्या शाळेचं मैदान, खो-खोच्या सरावाची वेळ. सर या खुंटापासून त्या खुंटापर्यंत येरझाऱ्या घालत होते. चालणं झकास चाललं होतं आणि तोंडही. "अगं, वाक की जरा! कंबर काय भाड्यानं आणलीय?" असं एका मुलीला ओरडत त्यांनी पलीकडच्या खुंटाला वळसा घेतला आणि त्यांचे दोन्ही गुडघे एकदम गच्च झाले. उचललेलं पाऊल टेकलंच नाही. सर आडवे झाले.

हर्षदा त्या खुंटाजवळच्या बाकावरून धावली. सरांची ही एकुलती एक लेक तिथं बसायचीच मुळी त्यासाठी.

"लागलं का, आप्पा?"

"नाही. तू जा, बस."

"हसू नका रे कुणी," एक मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. हसत कुणीच नव्हतं. म्हणून तर सरांना ते जास्त लागलं.

तीन वर्षांपूर्वी याच मैदानावर, स्पर्धेच्या आदल्या दिवशी, सर दिव्याच्या खांबावर चढले होते. दिवा वाकडा बसला होता आणि वायरमन दुपारी येणार होता. पण दुपारपर्यंत थांबतील तर ते मुळीक सर कसले! शिडी सरकली आणि कमरेखालचं सगळं गेलं. हर्षदा पुण्याचं बिऱ्हाड गुंडाळून विट्याला आली, घरूनच काम करायला लागली. सर आधी अंथरुणात होते, मग चाकाच्या खुर्चीत. आणि मग, गेल्या दिवाळीनंतर, घरात 'सांगाती' आला.

सांगाती म्हणजे कमरेपासून घोट्यापर्यंत अंगावर चढवायचा एक हलका सांगाडा. पाठीच्या कण्यापाशी बसवलेल्या तारा मज्जातंतूंमधली उरलीसुरली कुजबुज ऐकतात. तळव्याखालचे आणि गुडघ्यांवरचे हजारो सेन्सर जमीन, तोल आणि वजन कळवतात. या सगळ्यावरून माणूस पुढचं पाऊल कुठं आणि कसं टाकणार, याचा अंदाज ते पाऊल उचलण्याआधीच बांधला जातो. चालणं म्हणजे तरी काय, न पडता पुढं कलंडत राहणं. त्यात अंदाज आधी, पाय नंतर. सांगातीच्या पट्ट्यातल्या चिपला नुसतं उभं राहण्यापुरती अक्कल होती. अंदाज बांधणारा मोठा मेंदू लांब पनवेलच्या बाजूला, 'मेघदीप' नावाच्या कंपनीच्या इमारतीत, प्रत्येक सांगातीसाठी भाड्यानं घेतलेल्या वेगळ्या आभासी सर्व्हरवर होता. सांगाती अखंड माहिती वर पाठवणार, वरून अंदाज खाली येणार आणि मग पाऊल पडणार. हे सारं पापणी लवायच्या आत. अंदाज खात्रीचा नसला तर गुडघे आपोआप कुलूपबंद होत. उभ्या माणसाला ते बरंच, पण एक पाय हवेत असताना तसं झालं की माणूस आपटलाच म्हणून समजा.

आणि सांगाती चहाडखोर होता. माणूस का पडला, ते तो लगेच सांगाती देणाऱ्या केंद्राला कळवून टाकी. तिन्ही वेळा त्यानं एकच कळवलं: चालणाऱ्याचा संकेत अपुरा. साध्या मराठीत सांगायचं तर, माणूस कचरला.

डॉक्टर तबस्सुम मणेर मिरजेच्या पुनर्वसन केंद्रातून सरांवर लक्ष ठेवून असत. त्यांचा त्याच संध्याकाळी फोन आला, तो सरांनी स्पीकरवर घेतला.

"सर, रागावू नका. घरात तुम्ही दिवसभर वावरता. आमच्याकडे व्हरांड्यात तर तुम्ही मुलासारखे चाललात. पडता ते फक्त मैदानावर, जिथं अपघात झाला तिथंच. मनात धास्ती बसलीय आणि ती पायात उतरते. यात कमीपणा काही नाही."

"धास्ती," सर म्हणाले.

"बुधवारी मी विट्याला येणारच आहे. तेव्हा बघू. पण कारण दूर झालं नाही, तर सांगाती परत न्यावा लागेल. पुढच्यांची रांग मोठी आहे. आणि खरं सांगू का, तुमची मान मोडलेली मला बघायची नाही."

"डॉक्टर, नेटच्या लाईनचा काही प्रश्न नाही ना?" आतून सरांच्या पत्नी शैलजाबाईंनी विचारलं.

"लाईन मी तपासलीय, आई," हर्षदा म्हणाली. "चोख आहे."

हे तिनं महिन्याभरापूर्वीही सांगितलं होतं, पहिल्यांदा पडले तेव्हा. तिचं शिक्षण नेटवर्कचं आणि पोटपाणीही त्याच्यावरच, त्यामुळं पहिला संशय तिला सर्व्हरचाच आला होता. कंपनीची जाहिरात सेकंदाला एक गिगाबिटपर्यंतच्या वेगाची. तो खरंच मिळतो का हे बघायला तिनं त्याच कंपनीचा, त्याच इमारतीतला आणखी एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला आणि दोघांमध्ये माहितीचा लोंढा सोडून वेग मोजला. एकाच्या जागी पाच भरले. कंपनी नवी आहे, गिऱ्हाईक जोडायला हात सैल सोडला असेल, असं म्हणून ती खूश झाली. मोजमाप कमी आलं की आपण दहादा तपासतो, जास्त आलं की पेढे वाटतो. हर्षदानं पेढे वाटले नाहीत एवढंच. पण लाईन चोख आहे, या तिच्या एका वाक्यानं सगळं खापर आप्पांच्या पायांवर फुटलं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या मात्र आलं होतं.

रात्रीच्या जेवणाला सरांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.

"बुधवारपर्यंत तरी कशाला थांबायचं? उद्याच न्या म्हणावं."

"आप्पा, असे हातपाय गाळून कसं चालेल? मन घट्ट करा ना थोडं."

"मन घट्ट करा, मन घट्ट करा," शैलजाबाई उसळल्या. "ते काय लोणच्याच्या बरणीचं झाकण आहे? जेवू दे त्यांना."

"असू दे गं," सर म्हणाले आणि हर्षदाकडं वळले. "एक सांगतो, पोरी. जन्मभर मी मुलांना सांगत आलो, घाबरायचं नाही. आणि आता माझेच पाय घाबरतात म्हणे. मला जाणवत नाही ती भीती, तुझ्या गळ्याची शपथ. वळसा घेताना त्या दिव्याच्या खांबाचा विचारही माझ्या मनात नसतो. त्या पोरीच्या कमरेचा असतो! पण मशीन सांगतंय, डॉक्टर सांगतायत, तू सांगतेयस. तिघं सांगताय म्हणजे असेल."

हर्षदानं आमटीची वाटी त्यांच्याकडं सरकवली.

"मिरजेला तुम्ही किती छान चाललात, आप्पा. म्हणजे जमतं तुम्हाला."

"ते काय चालणं झालं? एक व्हरांडा! मी एका फेरीवर गडी कधी निवडला नाही. पहिल्या फेरीला सगळेच वाऱ्यासारखे पळतात. पूर्ण डाव पळवायचा, मग कळतं कुणाच्या छातीत किती दम आहे. माझा डाव पुरा होत नाही, एवढंच त्याचं सार." त्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "आणि तू त्या कोचीवाल्यांना हो म्हणून टाक. किती दिवस टोलवतेस त्यांना?"

कोचीवाले म्हणजे समुद्राखालच्या केबली दुरुस्त करणाऱ्या जहाजाची कंपनी. हर्षदाला कॉलेजपासून वेड होतं ते याच कामाचं. त्यांचं बोलावणं येऊन दोन महिने झाले होते आणि ती दर वेळी पुढच्या महिन्यात कळवते म्हणत होती. बाकावर कोण बसणार, हा प्रश्न होता.

"बघू," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

सकाळी चहाचा कप घेऊन ती लॅपटॉपसमोर बसली ती कामासाठी, पण बोटांनी उघडली ती जुनी चाचणी. आप्पांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. तिनंही गडी एका फेरीवरच निवडला होता की. दहा-बारा सेकंद लोंढा सोडला, आकडा बघितला, विषय मिटला.

आणि मग तिची नजर त्या आकड्याच्या शेजारी गेली. एक संदेश पाठवून त्याचं उत्तर परत यायला लागलेला वेळ तिथं होता. महिन्याभरापूर्वी तिनं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं. माहिती कितीही हलकी असली तरी तिला तारेतून जायला वेळ लागतो. एका यंत्रातून शेजारच्या यंत्रात जायचं तरी मधला स्विच ओलांडावा लागतो. इथलं उत्तर त्याहूनही लवकर परत आलं होतं. म्हणजे ते तारेवर चढलंच नव्हतं.

"अगं बाई गं!" हर्षदा मोठ्यानं म्हणाली.

"काय झालं? दूध गेलं का उतू?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

दूध नव्हे, महिन्याभराची खात्री उतू गेली होती. आभासी सर्व्हर म्हणजे काही वेगळं यंत्र नव्हे. एका मोठ्या यंत्राच्या पोटात भिंती घालून केलेली ती बिऱ्हाडं, आणि प्रत्येक भाडेकरूला वाटतं घर आपलं एकट्याचं. हर्षदानं तपासणीसाठी घेतलेलं दुसरं बिऱ्हाड नेमकं आप्पांच्या सर्व्हरच्या भिंतीला भिंत लागून पडलं होतं. दोघं एकाच यंत्रात. तिनं रस्ता मोजलाच नव्हता. या खोलीतून त्या खोलीत हाक मारली होती आणि रस्ता मोकळा आहे असा निकाल देऊन टाकला होता. कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलानं अशी चूक केली असती तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं.

आता तिनं नागपूरच्या एका वेगळ्याच कंपनीचा सर्व्हर घेतला. रस्ता खरा, लांबचा, परका. सांगाती आतल्या खोलीत बंद होता, त्यामुळं मोजणीत लुडबूड करणारं दुसरं काही नव्हतं. तिनं लोंढा सोडला आणि या वेळी थांबवला नाही.

पडद्यावरची रेघ वर गेली आणि सरळ चालू लागली. पुरेपूर एक गिगाबिट, तसूभर कमी नाही. हर्षदाचा चेहरा पडला. चहा निवला. शैलजाबाई येऊन पोळी खाणार का विचारून गेल्या. रेघ सरळच. म्हणजे आप्पाच, असं मनात येतंय न येतंय तोच रेघ एकदम कोसळली. जेमतेम दहावा हिस्सा उरला आणि मग ती तळाशीच रखडत राहिली.

हर्षदानं चाचणी बंद केली. अंघोळ करून आली. पुन्हा लोंढा सोडला. पुन्हा रेघ ताठ, आणि तेवढ्याच वेळानं पुन्हा धाडकन खाली.

तिच्या डोळ्यांसमोर घराच्या गच्चीवरची टाकी आली. नळ सोडला की पाणी धो धो येतं, कारण टाकी भरलेली असते. पण टाकीत येणारी नगरपालिकेची धार करंगळीएवढी. कुणी नळ क्षणभर सोडून बघितला तर म्हणेल, काय जोर आहे! सगळे हंडे भरायला बसला की मग कळतं. मेघदीपनं आप्पांच्या सर्व्हरला हेच दिलं होतं, धार बारीक आणि वर वेगाची भरलेली टाकी. घरात आप्पा चार पावलं चालत आणि बसत, तेवढ्यात टाकी पुन्हा भरे. मिरजेचा व्हरांडा टाकी रिकामी होण्याआधीच संपे. मैदानावर मात्र ते न थांबता चालत, आणि तिसऱ्या फेरीत, पलीकडच्या खुंटाच्या त्या वळशापाशी, टाकी कोरडी पडे. मग सेन्सरांची निम्मी माहिती वाटेतच गळे. जी पोचे ती अर्धवट, आणि त्या अर्धवट माहितीवरून तिकडचा मेंदू म्हणे, संकेत अपुरा आहे, माणूस कचरतोय, गुडघे लावा.

तिनं कंपनीला फोन लावला. काळसेकर नावाचा एक गृहस्थ बोलत होता, आवाजावरून नुकताच डबा उघडलेला.

"मॅडम, जाहिरातीत 'पर्यंत' असं लिहिलेलं आहे."

"वाचलंय मी. किती वेगापर्यंत ते लिहिलंय. किती वेळापर्यंत ते कुठं लिहिलंय, दाखवा."

"तसं... कायम वेगाचा प्रकार वेगळा असतो, मॅडम. हा आमचा साधा प्रकार. वेबसाईटवाल्यांना चालतो. त्यांचं काम काय, घटकाभराचं असतं."

"आणि चालणाऱ्या माणसांना?"

"म्हणजे?"

"तुमच्या या सर्व्हरवर माझे वडील चालतात. दोन पायांवर. टाकी रिकामी झाली की पडतात."

पलीकडं डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"मॅडम, मला हे ठाऊक नव्हतं," काळसेकर म्हणाला. आवाज पार बदलला होता. "आमचे नियम काय ते मी नंतर निस्तरतो. तुमचा सर्व्हर आत्ता कायम वेगाच्या यंत्रावर हलवतो. तुम्ही मोजून घ्या."

"मोजणारच. आणि या खेपेला बाहेरून."

सर मागच्या अंगणात चाकाच्या खुर्चीत बसले होते. सांगाती मांडीवर आडवा घेऊन, जुन्या धोतराच्या फडक्यानं त्याचे सांधे पुसत होते.

"परत द्यायचाय तर स्वच्छ द्यावा," ते म्हणाले.

हर्षदा त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"आप्पा, तुम्ही कचरला नाहीत. एकदाही नाही."

"हे डॉक्टरांनी सांगायला सांगितलं का?"

"नाही. मी मोजलंय." आणि तिनं सगळं सांगितलं, शेजारच्या खोलीतली हाक, गच्चीवरची टाकी, मिरजेचा व्हरांडा, खुंटाचा वळसा. सर ऐकत होते, फडकं तसंच हातात.

"म्हणजे मी घाबरत नव्हतो?"

"नाही."

"नक्की? किती मोजलंस?"

"पूर्ण डाव. दोन वेळा."

"म्हणजे दम त्याचा संपत होता."

"त्याचा. तुमचा नव्हे."

सरांनी मान वर केली आणि मोठा श्वास सोडला, इतका मोठा की गेला महिनाभर त्यांनी तो कोंडूनच ठेवला असावा. मग त्यांनी हातातल्या फडक्यानंच डोळे पुसले आणि गालावर तेलाचा काळा पट्टा उमटला. दारात उभ्या शैलजाबाई एकाच वेळी हसायला आणि रडायला लागल्या.

"अहो, ते वंगणाचं फडकं आहे!" त्या म्हणाल्या. "देवा, जीव भांड्यात पडला गं बाई माझा."

"माझी चूक झाली, आप्पा," हर्षदा म्हणाली. "मी लाईन चोख आहे म्हणाले आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. स्वतःवर ठेवला नाहीत."

"पंचही चुकतो. निकाल फिरवलास ना? मग झालं तर." त्यांनी सांगाती तिच्यापुढं धरला. "चढव बघू हा."

बुधवारी डॉक्टर मणेर आल्या त्या मोजपट्टी घेऊन, सरांना विट्यातल्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात चालवून बघायचं म्हणून. सरांनी साफ नकार दिला.

"इथं नाही. मैदानावर चला. आणि पूर्ण डाव बघायचा, मध्ये उठायचं नाही."

"सर, परीक्षा माझी आहे की तुमची?" डॉक्टर हसून म्हणाल्या, पण गेल्या. शाळेतून आणलेल्या खुर्चीत डोक्यावर छत्री धरून बसल्या. हर्षदानं त्यांच्या हातात आपला टॅब्लेट दिला, त्यावर कोसळलेल्या जुन्या रेघा आणि सरळ चालणारी नवी रेघ. मग ती पलीकडच्या खुंटाजवळ आपल्या बाकावर जाऊन बसली. नवा सर्व्हर तिनं नागपूरहून मोजला होता, बेळगावहून मोजला होता, पुन्हा पुन्हा मोजला होता. तरी ती बाकाच्या कडेलाच टेकली. मोजलेलं वेगळं आणि बापाचा पाय वेगळा.

सर निघाले. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. पोरींचा सराव चालूच होता, पण सगळ्यांचे डोळे सरांच्या पायांकडं. सर तिसऱ्यांदा वळशापाशी आले तेव्हा हर्षदा बाकावरून अर्धी उठली होती. सरांनी तिच्याकडं एक नजर टाकली, खुंटाला हात लावला आणि वळसा घेऊन ते पुढं गेले. जाता जाता ओरडलेही, "अगं ए, अजून वाकत नाहीस तू! पाठीत काय काठी घातलीय?"

ती मुलगी हसली. सगळ्याच हसल्या. हर्षदा पुन्हा बाकावर टेकली.

सर चालत राहिले. डॉक्टर मणेर टॅब्लेटवरच्या रेघा बघत बसल्या होत्या. त्यांनी हर्षदाला हातानं बोलावलं.

"माझ्याकडे अजून माणसं आहेत, हर्षदा, ज्यांना मी धास्ती आहे असं सांगितलंय. तासगावच्या एक बाई बाजारात पडायच्या. त्यांनी बाजारात जाणंच सोडलं. मी त्यांना मन रमवायला सांगितलं होतं." त्यांनी टॅब्लेट मांडीवर ठेवला. "ही चाचणी सगळ्यांची करता येईल?"

"येईल, डॉक्टर. आजच सुरू करू. काळसेकरांना मी धरून बसवते."

"मग मी आधी त्या बाईंना फोन करते," डॉक्टर म्हणाल्या आणि छत्री मिटवून, उन्हातच, नंबर शोधायला लागल्या. "आणि सांगाती सरांकडेच राहील, हे वेगळं सांगायला नको."

हर्षदा बाकावर परत आली. बरं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. पलीकडं डॉक्टर फोनवर बोलत होत्या. शब्द ऐकू येत नव्हते, पण त्या पुन्हा पुन्हा मान हलवत होत्या, नाही, नाही, तुमचं काही चुकलं नव्हतं अशी. हर्षदा ते बघतच राहिली. त्यामुळं मागून येणारी पावलं तिला कळली नाहीत.

पाठीवर एक हात पडला, सरावातला, नेमका.

"खो!"

मैदानावर हशा पिकला. हर्षदा दचकून वळली. सर मागं उभे होते, घामेजलेले, डाव पुरा केलेले.

"काय हे, आप्पा!"

"काय म्हणजे? या मैदानावर वाढलीस आणि नियम माहीत नाही? खो मिळाला की उठायचं. आणि खो देणारा त्या जागी बसणार." त्यांनी तिला कोपरानं बाजूला सारलं आणि ते बाकावर बसले, सावकाश, गुडघे नीट वाकवून. "ही जागा आता माझी. पोरींवर लक्ष ठेवायला बरी आहे. तू पळ."

"कुठं पळू?"

"कोचीला. अजून कुठं?"

हर्षदानं खिशातून फोन काढला. तिकडून आलेलं बोलावणं सगळ्यात वरच होतं. काल रात्री सरांनीच तो निरोप उघडून ठेवला होता की काय, कोण जाणे.

"आणि हे बघ," सर म्हणाले, "एकदा दिशा घेतली की मागं फिरायचं नसतं. फिरलीस तर फाऊल देईन."

हर्षदानं फोन कानाला लावला आणि ती फाटकाच्या दिशेनं चालायला लागली. मागं आप्पा कुणाला तरी कमरेवरून ओरडत होते. तिनं वळून बघितलं नाही.